सांगणारे आणि लिहिणारे : चांद्याच्या अरण्यप्रदेशाच्या अभ्यासाचा इतिहास

वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या ज्या अरण्यप्रदेशात आज चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आहेत, तो ब्रिटिश अमदानीत आणि त्यानंतरही बराच काळ ‘चांदा’ या एकाच नावाने ओळखला जात असे. 26 ऑगस्ट 1982 रोजी त्याच्या पूर्वेकडील भागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. गोंड राजांची राजधानी, कोलाम व माडिया यांची वस्ती आणि झाडीपट्टी या वनबहुल पट्ट्याची शेती या तिन्ही गोष्टी सामावून घेणारा हा प्रदेश रेल्वे, विद्यापीठे आणि छापखाने यांपासून दीर्घकाळ दूर राहिला; तरीही येथील मंदिरे, भाषा, गीते आणि समाजरचना यांचा अभ्यास करणाऱ्यांत स्कॉटलंड, नॉर्वे, ऑस्ट्रिया, इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिका या देशांतील विद्वान होते, आणि त्यांच्याबरोबरीने मराठी, हिंदी व बंगाली भाषक संशोधकही होते. हा विद्वत्समुदाय एका संस्थेच्या छपराखाली कधी जमला नाही. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासावी, तिसऱ्याने ती खोडून काढावी आणि चौथ्याने तिच्यावरून नवा प्रश्न विचारावा, या रीतीने तो दीडशेहून अधिक वर्षे आकार घेत गेला. त्याच्या इतिहासात एक बाजू मात्र सतत झाकलेली राहिली आहे : ज्यांनी सांगितले, गायले आणि शब्दांचे अर्थ उलगडून दाखवले, ते या समुदायाचे सभासद मानले गेले की केवळ त्याचा विषय, हा प्रश्न या इतिहासाच्या आरंभापासून त्याच्या सोबत आहे.

हा आरंभ स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून धरणे सोयीचे आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आले. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचे नेमून दिलेले काम असले, तरी भूस्तर, जीवाश्म आणि आदिवासींच्या बोली यांचा ध्यास त्यांना जडला, आणि नागपूरभोवतीचा मुलूख हिंडत त्यांनी टिपणे जमवली. 1863 मध्ये टाकळघाट येथील शिलावर्तुळे, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ गोलाकार रचलेल्या मोठ्या दगडांची प्राचीन दफनस्थळे, पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची हस्तलिखिते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून 1866 मध्ये प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात लिंगो या गोंडांच्या आद्य संस्कारकर्त्याचे दीर्घ गीत मूळ गोंडी शब्दांसह छापलेले आहे; मौखिक परंपरेतील एवढी मोठी गोंडी रचना त्या काळी छापली जाणे ही असामान्य गोष्ट होती.

हे गीत हिस्लॉप यांना एका परधानाकडून मिळाले. परधान म्हणजे गोंडांच्या कुळांच्या वंशावळी, देवांच्या कथा आणि राजांचे पोवाडे मुखोद्गत ठेवणारा भाट. किंगरी हे तंतुवाद्य वाजवत तो आपल्या यजमान कुळांकडे जातो, मृत्यूच्या व उत्सवाच्या प्रसंगी त्या कुळाची कथा गातो आणि त्याबद्दल धान्य, वस्त्र किंवा जनावर घेण्याचा त्याचा परंपरागत हक्क असतो. आजच्या भाषेत सांगायचे तर अभिलेखागार, इतिहासकार आणि कलावंत या तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या ठायी एकवटलेल्या होत्या. असे असूनही छापील ग्रंथात वाचकापुढे येतो तो केवळ ‘एक परधान’. संग्राहकाचे आणि संपादकाचे नाव ठळक झाले, आणि गीत ज्याच्या कंठात होते त्याचे नाव मागे पडले. पुढे 1871 मध्ये कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या पुस्तकात हीच लिंगोकथा इंग्रजी पद्यात उतरवली, तेव्हा त्यासाठी अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या ‘हायावाथा’ या काव्याचे वृत्त योजले. लाँगफेलो यांनी ते वृत्त फिनलंडच्या ‘कालेवाला’ या लोकमहाकाव्यावरून घेतलेले होते. गोंडवनातील भाटाचे गीत अशा प्रकारे अमेरिकेमार्गे आलेल्या फिनलंडच्या चालीत लंडनच्या वाचकांपर्यंत पोहोचले, आणि ज्या किंगरीवर ते गायले गेले होते तिचा सूर वाटेतच हरवला.

याच काळात सरकारी कामकाजातूनही अभ्यासाची दुसरी वाट फुटली. मेजर ल्यूसी स्मिथ यांनी 1869 मध्ये चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल तयार केला; जमीन, सारा आणि पिके यांची मोजदाद हा त्याचा हेतू असला तरी चांद्याच्या गोंड राजघराण्याची स्थानिक आख्यायिकांवर आधारलेली राजावली त्यांनी त्यात नोंदवली, आणि पुढील अनेक दशके गॅझेटियरकारांपासून इतिहासकारांपर्यंत सर्वांनी ती आधारभूत मानली. या राजावलीतील कालक्रम आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, परंतु ती नोंदली गेली नसती तर बल्लारपूर आणि चांदा येथील किल्ले, परकोट व समाध्या यांच्यामागील लोकस्मृतीचा मोठा भाग कागदावर आलाच नसता.

पुरातत्त्वाची बाजू त्याच सुमारास एका दूरच्या भाषांतरामुळे हलली. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी प्रवासी ह्युएन त्सांग याच्या वृत्तान्ताचे फ्रेंच भाषांतर स्तानिस्लास ज्युलियाँ यांनी 1857-58 मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यात वर्णिलेल्या कोसल देशाची, म्हणजे आजच्या विदर्भ-छत्तीसगडच्या बाजूच्या दक्षिण कोसलाची, राजधानी कोणती, असा प्रश्न युरोपातील पंडितांपुढे उभा राहिला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांची दृष्टी चांद्याच्या परिसराकडे वळली. स्थापत्याचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी वैरागडचे नाव सुचवले. आजच्या आरमोरी तालुक्यातील ज्या वैरागडचा उल्लेख अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त हिऱ्यांच्या खाणीसाठी आला आहे, ते गाव त्यामुळे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या चर्चेत आले. पुढील संशोधनाने या राजधानीचा शोध छत्तीसगडमधील सिरपूरकडे नेला. तथापि या वादामुळेच चांद्याजवळचे भांदक, वैरागड आणि मार्कंडा ही नावे विद्वानांच्या नकाशावर पक्की झाली.

कनिंगहॅम यांनी 1873 ते 1875 या काळात मध्य प्रांतात केलेल्या दौऱ्यांचा अहवाल 1879 मध्ये प्रसिद्ध झाला. चामोर्शीजवळ वैनगंगा वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, त्या काठावरील मार्कंडा येथील मंदिरसमूहाचे वर्णन त्यात आहे, आणि तेथील शिल्पसमृद्धी पाहून त्यांना खजुराहोची आठवण झाली. ही तुलना गौरवाची असली तरी तिच्यात एक अडचणही दडलेली होती. मार्कंड्याकडे पाहताना खजुराहोचा आरसा मध्ये धरला गेल्यामुळे वैनगंगेच्या खोऱ्यातील कारागिरांची स्वतःची परंपरा कोणती, त्यांनी कोणता दगड निवडला आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला येणाऱ्या गोंड व कुणबी भाविकांच्या जीवनात या देवळाचे स्थान काय, हे प्रश्न पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक राहिले.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडच्या परिसरात असलेल्या देवटेक येथील शिलालेखाने या अभ्यासाला वेगळे वळण दिले. तेथील एकाच शिळेवर दोन लेख कोरलेले आहेत : एक मौर्यकालीन वळणाच्या ब्राह्मी अक्षरांतील असून त्यात प्राण्यांच्या बंधनाला व हत्येला मनाई करणारी आज्ञा आहे, आणि दुसरा त्यानंतर कित्येक शतकांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळात कोरला गेला, ज्यात त्याच्या धर्मस्थानाचा उल्लेख येतो. शिळा कनिंगहॅम यांच्या पाहण्यात आली होती. परंतु दोन्ही लेखांचे काळजीपूर्वक वाचन करून त्यांचा परस्परसंबंध उलगडून दाखवण्याचे श्रेय नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे आहे. जुना लेख पुसट होत गेलेल्या त्याच दगडावर नव्या राजाने आपली अक्षरे कोरावीत, यातून या प्रदेशात लेखनाची आणि सत्तेची परंपरा किती दूरवर मागे जाते हे जसे दिसते, तसेच येथे ‘केवळ जंगल होते’ हा समजही गळून पडतो. मिराशींनी 1963 मध्ये वाकाटकांच्या कोरीव लेखांचा संग्रह सिद्ध केला, आणि त्या भक्कम पायावर पुढे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाचे हान्स बाकर यांनी 1997 मध्ये वाकाटकांच्या मूर्तिकलेवरील ग्रंथ लिहिला. परदेशी अधिकाऱ्याने पाहिलेली शिळा मराठी पंडिताने वाचावी आणि त्याचे काम डच संशोधकाने पुढे न्यावे, हा क्रम विद्वत्समुदाय कसा घडतो याचे उत्तम उदाहरण आहे.

भाषांच्या अभ्यासात हेच जाळे अधिक दूरवर पसरले. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली झालेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मुंडा व द्राविडी भाषांवरील चौथा खंड 1906 मध्ये निघाला, आणि तो नॉर्वेचे स्टेन कोनो यांनी सिद्ध केला होता. या सर्वेक्षणाची रीत अशी, की बायबलमधील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा प्रत्येक बोलीत अनुवाद करून घ्यायचा आणि त्यासोबत ठरावीक शब्द व वाक्यांची यादी भरून घ्यायची; त्यामुळे शेकडो बोलींची एकमेकींशी तुलना शक्य झाली, पण त्याच वेळी गोंडी आणि कोलामी यांसारख्या भाषा त्यांच्या स्वतःच्या कथांऐवजी परक्या कथेतून जगापुढे आल्या. जिल्हा कचेऱ्यांमार्फत हे नमुने गोळा झाले, त्यामुळे अनुवाद सांगणाऱ्या बहुतेकांची ओळख कागदपत्रांच्या प्रवासातच पुसली गेली.

पुढील पिढीने ही उणीव काही अंशी भरून काढली. निजामाच्या राज्यात अधिकारी असलेले आणि पुढे इतिहासकार म्हणून ख्याती पावलेले सेतुमाधवराव पगडी आदिलाबाद भागात काम करताना गोंडी व कोलामी शिकले, आणि 1950 मध्ये त्यांनी कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले. कॅनडात जन्मलेले आणि कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अध्यापन करणारे मरे एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ 1955 मध्ये आला. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणातील एस. भट्टाचार्य यांनी चांदा भागातील नाईकी या छोट्या द्राविडी भाषेवर 1961 मध्ये ‘इंडो-इराणियन जर्नल’ या नियतकालिकात सविस्तर निबंध लिहिला. आणि त्याच वर्षी एमेनो व ऑक्सफर्डचे थॉमस बरो यांचा द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश, म्हणजे शब्दांची मुळे व त्यांची भावंडे नोंदवणारा कोश, प्रसिद्ध झाला. या कोशाच्या 1984 च्या सुधारित आवृत्तीत तमिळ, कन्नड, तेलुगू यांच्या शब्दांच्या पाठोपाठ ‘चांद्याची नाईकी’ एका लहानशा संक्षेपाने येते. जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले, तरी जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांसाठी त्या भाषेची ओळख आजही ‘चांदा’ याच शब्दाने होते; आणि अगदी मोजक्या लोकांच्या ओठांवर उरलेल्या भाषेतील पाणी, दगड, झाड अशा रोजच्या शब्दांना त्या कोशाच्या पानांवर तमिळसारख्या अभिजात भाषेच्या शब्दांशेजारी समान जागा मिळते.

समाजरचनेच्या अभ्यासात दुसऱ्या महायुद्धाने अनपेक्षित भूमिका बजावली. व्हिएन्ना येथे शिकलेले मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ 1939 मध्ये भारतात असताना युद्ध पेटले, आणि जर्मन पारपत्रामुळे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली. जंगलावरील हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या कुमरम भीमू यांचा 1940 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाल्यानंतर आदिलाबादच्या गोंडांचा असंतोष समजून घेण्याची गरज संस्थानाला वाटू लागली, आणि हायमेनडॉर्फ यांनी मारलावाई या गावात मुक्काम ठेवून अभ्यास सुरू केला. त्या काळच्या आदिलाबाद जिल्ह्यात राजुरा तालुका मोडत असे. तो 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात आला. त्यामुळे हायमेनडॉर्फ यांनी वर्णिलेला समाज नदीपलीकडचा परका समाज नसून चंद्रपूरच्या गोंडांशी सोयरिकीने आणि कुळांनी बांधलेला समाज आहे. त्यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ 1948 मध्ये लंडनहून निघाला, आणि त्याचा गाभा परधानांनी सांगितलेल्या पुराणकथा व त्यांच्याशी जोडलेले विधी हा आहे. हिस्लॉप यांच्या वेळी एका गीतापुरता दिसलेला परधान येथे संपूर्ण समाजव्यवस्थेचा आधारस्तंभ म्हणून उभा राहतो. मारलावाई येथे गोंडी भाषेतून शिक्षण देण्याचा प्रयोगही त्यांच्या पुढाकाराने झाला. पुढे लंडन विद्यापीठात ते प्राध्यापक झाले, तरी या गोंडांशी त्यांचे नाते तुटले नाही. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या अस्थी मारलावाई येथेच पत्नीच्या स्मृतिस्थळाशेजारी ठेवण्यात आल्या.

त्याच दशकात आदिवासींच्या भवितव्याविषयीचा मोठा वाद मुख्यतः मराठी विद्वानाच्या लेखणीमुळे आकाराला आला. इंग्लंडहून आलेले व्हेरियर एल्विन आणि त्यांचे पुण्यातील दिवसांपासूनचे सहकारी शामराव हिवाळे मध्य प्रांतातील गोंडांमध्ये राहून लिहीत होते; आदिवासींच्या जीवनातील आनंद आणि कला बाहेरच्या दडपणाने कोमेजत आहेत, हे एल्विन यांचे कळकळीचे म्हणणे होते. मालवणला जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची परंपरा रुजवणारे गो. स. घुर्ये यांनी 1943 मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की तथाकथित आदिम जमाती भोवतालच्या हिंदू समाजापासून तोडून पाहता येत नाहीत, आणि त्यांचा खरा प्रश्न जमीन, कर्ज व गरिबी यांचा आहे. दोन्ही बाजूंत सत्य होते. याच सुमारास विल्फ्रिड ग्रिगसन यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या स्थितीची सरकारी चौकशी केली, तिचा अहवाल 1944 मध्ये आला, आणि चांद्याच्या जमीनदाऱ्यांतील जंगल व वेठ यांचे प्रश्नही त्या चौकशीच्या कक्षेत आले. या चर्चेत हिवाळे यांचे कार्य सहसा विसरले जाते. 1946 मध्ये त्यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि मौखिक परंपरेचा वाहक असलेल्या जमातीला तिच्या स्वतःच्या इतिहासासह ग्रंथाचा विषय करण्याचे काम एका मराठी माणसाने केले, ही नोंद मराठी वाचकांनी जपली पाहिजे.

एल्विन यांच्या 1947 मधील ग्रंथाने बस्तरच्या मुरियांचे ‘घोटुल’ जगप्रसिद्ध केले, परंतु तरुण-तरुणींचे शयनगृह एवढाच त्याचा अर्थ बाहेर रूढ झाला. गडचिरोलीतील गोटुल मात्र गावाच्या सभेची, न्यायनिवाड्याची, पाहुण्यांच्या मुक्कामाची आणि नृत्यगीतांची जागा म्हणूनही ओळखले जाते, आणि या अर्थाची पुनःस्थापना धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने केली. 1980 च्या दशकापासून या गावाने सर्व निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत दृढ केली, आणि गावातील देवाजी तोफा व कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागातून ‘अभ्यासगट’ उभा राहिला. अभ्यासगट म्हणजे निर्णय घेणारी सभा नव्हे. एखादा विषय गावकरी आणि बाहेरून आलेले जाणकार एकत्र बसून समजून घेतात, आणि त्यातून जे हाती लागते ते ग्रामसभेपुढे ठेवले जाते. बाहेरच्या संशोधकाने ग्रामसभेची संमती घेऊन यावे आणि जे कळले ते गावाला परत सांगावे, हा तेथील आग्रह आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि देशोदेशींच्या अभ्यासकांनी या गावावर लिहिले; मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकातून ही प्रक्रिया मराठी वाचकांपर्यंत नेली. हिस्लॉप यांच्या काळात प्रश्न विचारणारा एका बाजूला आणि उत्तर देणारा दुसऱ्या बाजूला होता. मेंढ्याच्या अभ्यासगटात दोघेही एकाच वर्तुळात बसलेले आहेत.

हा बदल एका गावापुरता राहिलेला नाही. मोतीरावण कंगाली, व्यंकटेश आत्राम यांसारख्या गोंड समाजातील लेखकांनी लिंगोपरंपरेचे अर्थ आतून मांडण्याचे काम केले. त्यांच्या काही निष्कर्षांवर मतभेद असले तरी आपल्या परंपरेचा अर्थ लावण्याचा पहिला अधिकार आपला आहे, ही त्यांची भूमिका निर्विवाद महत्त्वाची आहे. 2011 मध्ये चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. 2019 मध्ये धानोरा तालुक्यातीलच मोहगाव येथे ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, आणि तिच्या नावात ‘गोटुल’ हा शब्द आवर्जून ठेवला. झाडीपट्टीची नाटके आणि दंडार हे लोकनाट्य यांच्याकडे नागर समीक्षेने फार काळ लक्ष दिले नव्हते. 2023 मध्ये या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यानंतर त्या कलेची दखल अधिक गंभीरपणे घेतली जाऊ लागली. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडई नावाच्या जत्रेनिमित्त रात्रभर चालणाऱ्या या नाटकांचा सविस्तर इतिहास लिहिणे हे पुढच्या पिढीचे मोठे काम आहे.

या इतिहासातून एक जबाबदारी स्पष्ट होते. परदेशी विद्वानांचे श्रम नाकारण्याचे कारण नाही, कारण त्यांनी लिहून ठेवले नसते तर लिंगोगीताचा तो जुना पाठ, नाईकीचे शब्द आणि मारलावाईच्या परधानांच्या कथा आज अभ्यासासाठी उपलब्धच नसत्या. परंतु लंडन, ऑक्सफर्ड आणि बर्कली येथील ग्रंथालयांत व संग्रहांत असलेली ही सामग्री राजुरा, धानोरा आणि भामरागड येथील शाळांत, देवनागरी लिपीत आणि मूळ भाषेसह परत येणे आवश्यक आहे, आणि ती परत येताना सांगणाऱ्यांची जी नावे सापडतील ती लिहिणाऱ्यांच्या नावांशेजारी छापली गेली पाहिजेत. 1866 च्या ग्रंथातील त्या परधानाचे नाव आता मिळणार नाही. मात्र त्याचे गीत आजच्या एखाद्या परधानाने किंगरीवर पुन्हा गायले, मोहगावच्या मुलांनी ते वाचले आणि त्यातील चुकलेले शब्द दुरुस्त करून दिले, तर हिस्लॉप यांनी अर्धवट ठेवलेले काम ज्यांचे ते गीत आहे त्यांच्याच हातून पुरे होईल.